'६९ पौंडांपासून' लिहिलेलं केराटिन मला ३०१ पौंडांना पडलं

लंडनला येऊन मला दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत मी इथल्या पार्लरची पायरी चढले नव्हते. केस वाढले की वेणी घालायची, फुटलेली टोकं नवऱ्याकडून कापून घ्यायची, आणि सांगलीला गेलं की आमच्या गल्लीतल्या ताईंकडे नीट कापून यायचं, असं चाललं होतं. २०२५ साली गणपती बुधवारी, २७ ऑगस्टला बसणार होते. ओळखीच्या तीन घरी आरतीला बोलावणं होतं आणि केसांचा पार काथ्या झाला होता. म्हणून आधीच्या शनिवारी मी हाउन्स्लोच्या बाजूच्या एका हेअर सलूनमध्ये गेले. त्या दिवशी जे झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण दरवर्षी सप्टेंबरात आपल्या कितीतरी मुली शिकायला, नोकरीला, लग्न होऊन इकडे येतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणी पहिल्या काही महिन्यांत माझ्यासारख्याच केसांनी हैराण होतात.

केस का बिघडतात ते आधी सांगते, कारण मला फसवताना त्याच गोष्टीचा उपयोग केला गेला. लंडनचं पाणी जड आहे. या भागाच्या पोटात चुनखडी आहे आणि पाणी तिच्यातून झिरपत येतं. किटलीच्या तळाशी आठवड्याभरात पांढरा थर बसतो, तसाच थोडा थोडा केसांवरही बसतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने केस राठ होतात, तसंच. त्यामुळे "इथल्या पाण्याने तुमचे केस खराब झालेत" असं कोणी म्हणालं की ते खोटं नसतं, आणि म्हणूनच त्यापुढचंही सगळं खरं वाटतं.

सलूनच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, केराटिन (केस सरळ आणि मऊ करण्याची ट्रीटमेंट) ६९ पौंड. आकड्याच्या आधी अगदी बारीक 'फ्रॉम' होतं, म्हणजे ६९ पासून पुढे. मी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "माझे केस कमरेपर्यंत आहेत, किती होतील?" उत्तर आलं, "ऑफर चालू आहे, या, बघून सांगतो." जागा धरून ठेवायला २० पौंड एका खात्यावर पाठवायला सांगितले, मी पाठवले. गुगलवर त्यांना पावणेपाच तारे होते. तेवढे बघून माझं समाधान झालं.

खुर्चीत बसवणारी मुलगी हिंदी बोलणारी होती. "दीदी, इंडिया में कहाँ से?" असं तिने विचारलं आणि मी निवांत झाले. परक्या गावात आपल्यासारखं बोलणारं कोणी भेटलं की आपण सैलावतोच. तिने गळ्याभोवती कापड बांधलं, केस मोकळे केले आणि एक छोटा कॅमेरा डोक्याला लावून समोरच्या पडद्यावर माझी टाळू दाखवली. पन्नास पटीने मोठी केलेली कोणाचीही टाळू भयंकरच दिसते, हे मला आता कळतं. तेव्हा ते पांढरे कण बघून पोटात गोळा आला. ती म्हणाली, हा सगळा चुना आहे, याच्यावर केराटिन बसणारच नाही, आधी डिटॉक्स करावं लागेल. मी विचारलं, "त्याचे वेगळे पैसे?" ती म्हणाली, "थोडेसे, दीदी, टेन्शन मत लो." आणि लगेच मला बेसिनवर नेलं.

डोकं मागे टाकलेलं, केस ओले, अंगावर कापड बांधलेलं, अशा अवस्थेत माणूस उठून जात नाही. भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून वाद घालणारी मी तिथे "थोडेसे म्हणजे किती?" एवढंही पुन्हा विचारू शकले नाही. पुढचे सगळे प्रश्न तिने मी ओल्या केसांनी बसलेली असतानाच विचारले. केस दाट आहेत, माल दुप्पट लागेल, चालेल ना? टोकं मेलेली आहेत, कापून टाकू ना? प्रत्येक वेळी मी मान डोलावली आणि एकदाही आकडा ऐकला नाही.

मग तिने एका बिनलेबलच्या बाटलीतून पांढरं क्रीम वाडग्यात काढलं, केसांना लावलं, वाळवलं आणि तापलेल्या इस्त्रीने एकेक बट दाबायला सुरुवात केली. दुसऱ्या-तिसऱ्या बटेलाच माझे डोळे झोंबायला लागले, नाकातून पाणी यायला लागलं. तिने दार उघडलं आणि सांगितलं, होतं असं. हे 'होतं असं' नाही. केस सरळ करणाऱ्या काही क्रीममध्ये फॉर्मल्डिहाइड असतं, किंवा मिथिलीन ग्लायकॉल असतं, आणि ते इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइड वायू सोडतं. हा वायू डोळ्यांना, घशाला जाळतो आणि तो कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे. माझ्या केसांना नेमकं काय लावलं ते मला आजही माहीत नाही, कारण मी मूळ डबा बघायला मागितला नाही. तो मागायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. आणि मला सर्वांत वाईट त्या मुलीचं वाटतं, ती त्या धुरात रोज दहा-दहा तास उभी असते.

चार तासांनी काउंटरवर बिल आलं. लांब केसांचं केराटिन १३९, जादा माल ४५, डिटॉक्स ४०, कटिंग ३५, आणि मी न मागता पिशवीत घातलेला शाम्पू-कंडिशनर ४२. एकूण ३०१ पौंड. आगाऊ दिलेले २० त्यात वजाही केले नव्हते. ते मीच लक्षात आणून दिले तेव्हा २८१ झाले. त्या वेळच्या भावाने तेहेतीस हजार रुपये. मागे तीन बायका रांगेत उभ्या होत्या, माझे केस आरशात खरोखर रेशमासारखे दिसत होते, आणि मी क्रेडिट कार्ड पुढे केलं. छापील पावती दिली नाही. घरी येऊन नवऱ्याला आकडा सांगायला मला रात्रीपर्यंत धीर झाला नाही.

गणपतीत सगळ्यांनी केसांचं कौतुक केलं, पत्ताही विचारला. दोघींना मी तो दिला, त्याची खंत मला पैशांपेक्षा जास्त आहे. तिसऱ्यांदा केस धुतले तेव्हा ते पुन्हा फुगले. कानशिलांजवळचे केस बोटभर उंचीवर तुटले होते आणि टाळूवर खपल्या धरल्या होत्या.

मी फोटो काढून सलूनमध्ये गेले. काउंटरवरचा माणूस शांतपणे म्हणाला, ती मुलगी आमच्याकडे नोकरीला नव्हती, तिने खुर्ची भाड्याने घेतली होती, आता ती सोडून गेली, तुमचा व्यवहार तिच्याशी होता. हे उत्तर इथे अनेकींना मिळतं आणि अनेक जणी ते ऐकून परत फिरतात, कारण त्यात तथ्य असू शकतं. ब्रिटनमध्ये खुर्ची भाड्याने घेऊन स्वतःचा धंदा करणारे हेअरड्रेसर खूप आहेत, आणि तिथे पैसे कोणी घेतले त्यावर जबाबदारी कोणाची ते ठरू शकतं. शिवाय इथे केस कापण्याच्या धंद्याला परवाना सक्तीचा नाही. १९६४ च्या कायद्याने नोंदवही आहे, पण नाव नोंदवणं ऐच्छिक. म्हणजे उद्या कोणीही पाटी लावून बसू शकतं. मला हे कळलं तेव्हा धक्का बसला. इतक्या शिस्तीच्या देशात सगळं तपासलेलंच असेल, असं मी धरून चालले होते.

जाताना तो माणूस म्हणाला, पाच तारे देऊन चांगला अभिप्राय लिहा, पुढचं केराटिन फुकट करून देतो. घरी येऊन मी त्यांचे जुने अभिप्राय पहिल्यांदा नीट वाचले. पाच ताऱ्यांचे बहुतेक एका ओळीचे, लागोपाठच्या दिवसांतले. एक ताऱ्याचे मात्र लांबलचक, आणि त्यांत माझीच गोष्ट चार वेगवेगळ्या बायकांनी लिहिलेली: काचेवरचा आकडा, ओल्या केसांनी विचारलेले प्रश्न, दुपटी-तिपटीचं बिल. ते मी आधी दहा मिनिटं वाचले असते तर या लेखाची गरजच नव्हती. ६ एप्रिल २०२५ पासून इथे खोटे अभिप्राय आणि बक्षीस लपवून लिहून घेतलेले अभिप्राय हा कायद्याचा भंग आहे. आधी कमी किंमत दाखवून मागाहून टाळता न येणारे आकार चढवणं, हेही त्याच कायद्यात बसतं.

वाट दाखवली ती सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनने. नंबर ०८०८ २२३ ११३३, फोन फुकट आहे, इंग्रजी अडखळत असलं तरी त्या बाई शांतपणे ऐकून घेतात. ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांना फसवणाऱ्या दुकानदारांवर कारवाई करणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रारही यांच्यामार्फतच जाते. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, कार्डाच्या स्टेटमेंटवर नाव कोणाचं आहे? मी पाहिलं तर त्यावर त्या मुलीचं नाव नव्हतं, सलूनच्या पाटीवरचंही नव्हतं, भलत्याच एका लिमिटेड कंपनीचं होतं. कंपनीज हाउसच्या साइटवर कुठल्याही कंपनीची नोंद फुकट बघता येते. तिथे या कंपनीचा नोंदणीकृत पत्ता निघाला तो त्या सलूनचाच. भाड्याच्या खुर्चीची गोष्ट तिथेच कोसळली, माझे पैसे सलूननेच घेतले होते.

मग मी त्या पत्त्यावर पत्र लिहिलं. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टप्रमाणे कुठलीही सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने द्यावी लागते, तशी दिली नाही तर काम पुन्हा करून द्यावं लागतं, आणि ते शक्य नसेल तर पैसे कमी करावे लागतात, प्रसंगी पूर्ण परत. मी फोटो जोडले, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश जोडले, चौदा दिवसांची मुदत दिली. उत्तर आलं नाही. शेवटी क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे सेक्शन ७५ खाली दावा केला. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टमधल्या या कलमामुळे १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या गोष्टीसाठी विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार असते. डेबिट कार्डाला हे लागू नाही, तिथे चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत, मागता येतो, पण त्याची मुदत तोकडी असते आणि तो कायद्याने दिलेला हक्क नव्हे. बँकेने सात आठवड्यांनी केराटिनचे आणि जादा मालाचे मिळून १८४ पौंड परत दिले. बाकीचे गेले. बँकेने दाद दिली नसती तर आठ आठवड्यांनंतर बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या फायनान्शिअल ओम्बड्समनकडे जाता आलं असतं, तेही फुकट.

दाव्याला पुरावा म्हणून दुसऱ्या हेअरड्रेसरचं लेखी मत लागलं, आणि त्यामुळे मला एक भली बाई भेटली. आरतीला भेटलेल्या एका वहिनींनी तिच्याकडे नेलं. दोन खुर्च्यांचं लहानसं दुकान, काचेवर काही ऑफर नाही, आत भिंतीवर लांबीप्रमाणे दर लिहिलेले. तिने केस कोरडे असतानाच बोटांनी चाचपले आणि सांगितलं, यांच्यावर सहा महिने काहीही करू नकोस. तीन इंच कापावे लागतील, ३८ पौंड होतील, चालेल का? मी हो म्हटल्यावर मगच तिने कापड बांधलं. काय मोडलं आहे ते अर्ध्या पानावर लिहून, सही करून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

मी तिला विचारलं, पांढरे केस दिसायला लागलेत, आज रंग लावशील? ती नाही म्हणाली. आधी कानामागे रंगाचा ठिपका लावायचा, ४८ तास थांबायचं, मगच. मग तिने विचारलं, कधी काळ्या रंगाची मेंदी काढली होतीस का? मी काढली होती, एका जत्रेत, आणि तेव्हा हाताला खाज सुटली होती. त्या काळ्या मेंदीत बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, तेच केसांच्या गडद रंगांतही असतं. कातडीला एकदा त्याचं वावडं झालं की पुढे रंग लावल्यावर चेहरा, डोळे सुजून थेट इस्पितळात जावं लागू शकतं. टाळूच्या खपल्या भरल्यावर तिने ठिपका लावला. दुसऱ्या दिवशी कानामागे लाल फोड आला, आणि रंगाचा विषय आम्ही तिथेच सोडला. त्या पहिल्या सलूनमध्ये मुळं रंगवून घ्यायचंही माझ्या मनात होतं, पैसे फार होतील म्हणून राहिलं.

आता मी महिन्यातून दोनदा पाण्यातला क्षार काढणारा शाम्पू वापरते, दर तीन महिन्यांनी त्या बाईंकडे टोकं कापते. कानशिलाजवळचे केस चार बोटं वाढलेत. ज्या दोघींना मी पहिल्या सलूनचा पत्ता दिला होता त्यांना फोन करून सगळं सांगितलं. एक अजून गेली नव्हती. दुसरी जाऊन आली होती, तिला २४० पौंड लागले होते. तिने पैसे डेबिट कार्डाने दिले होते, आणि तिच्या चार्जबॅकचा अर्ज आम्ही गेल्या रविवारी दोघींनी मिळून भरला.