मांजराचं मोटरवालं दार अंबडच्या वर्कशॉपमधून सेफ करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

आम्ही नाशिकला मखमलाबाद साइडला राहतो, घरात दोन मांजरं, मनी आणि काळ्या. मागच्या दाराला भाच्याने कॉलेजच्या सुट्टीत मोटरवर चालणारं छोटं दार करून दिलं होतं, मांजर समोर आलं की उघडतं, गेलं की बंद. काम हुशारीचं होतं पण मी ते मांजरांसाठी चालू करू दिलं नाही, कारण बंद होताना ते वरून दाबत यायचं. त्याच्या अॅक्च्युएटरवर (दार ढकलणारा मोटरचा दांडा) ७५० न्यूटन छापलेलं, म्हणजे साधारण ७५ किलोचा जोर, आणि मनी चार किलोची पण नाही. गाडीच्या पॉवर विंडोला अँटी-पिंचची, म्हणजे मधे हात आला तर काच मागे फिरण्याची, जी मर्यादा अमेरिकेत आणि युरोपात आहे ती १०० न्यूटनची, आणि मांजराच्या मानेवर तर तेवढंही नको.

मग ओळखीतून अंबड एमआयडीसीतला एक गाळा कळला, बोर्ड वगैरे काही नाही, मशीनची छोटी कंट्रोल पॅनल बनवतात. तिथल्या दादांनी दार बघितलं आणि कोड, सेन्सर कशालाच हात न लावता आधी अॅक्च्युएटर काढून बाजूला ठेवला. म्हणाले, "ताई, मोटरने फक्त वर ओढायचं. खाली दार आपल्या वजनाने येईल, दोरी काय कोणाला ढकलत नाही." मला इथेच माणूस पटला. आता दार म्हणजे ३ एमएमची अॅक्रिलिक शीट, २५ बाय ३० सेंटीमीटर, वजन पाव किलोपेक्षा थोडं जास्त, स्लायडिंग खिडकीच्या अॅल्युमिनियम चॅनलमध्ये वरखाली होते, वर छोटी १२ व्होल्टची गिअर मोटर आणि दोरी. खाली मांजर असलं तर फार तर तेवढं वजन अंगावर टेकणार, बस. खालच्या कडेला मऊ रबर पट्टी लावलीय ती शेपटीसाठी. आणि दार मधेच कशावर टेकलं की दोरी सैल पडते, तिथे एक मायक्रोस्विच बसवलाय, तो दबला की मोटर थांबते आणि दार परत वर जातं. हे नसतं तर मोटर दोरी सोडतच बसली असती आणि सगळा गुंता झाला असता.

सेन्सरचं पण सांगते, कारण इथे बरेच जण फसतील. आधीचा आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर अंगावरून परत येणारा प्रकाश बघणारा होता, मनी त्याला दिसायची पण काळ्या दिसायचाच नाही, काळी फर तो प्रकाश शोषून घेते. म्हणजे दार वर असताना काळ्या खाली बसलाय आणि सेन्सर म्हणतोय रस्ता मोकळा! आता एका बाजूला पाठवणारा, समोर घेणारा अशा दोन जोड्या आहेत, एक पोटाच्या उंचीवर, एक अगदी जमिनीलगत, मधे काहीही आलं तरी दार खाली येत नाही. ट्रायलला आम्ही तांदूळ भरलेला मोजा, दोरीचा तुकडा आणि शेवटी माझा हात ठेवून बघितला, तोवर मांजरांना जवळ येऊ दिलं नाही.

लाइट गेली तर काय हे मी आधीच विचारलं होतं, पावसात आमच्याकडे ती जातेच. राउटरला लावतात तो मिनी यूपीएस जोडलाय, लाइट गेली की त्याच्यावर दार एकदा वर जातं आणि तिथेच थांबतं. रात्री मात्र उघडं दार नको, आमच्याकडे मळ्यांतून बिबट्या फिरतो, म्हणून दोघं आत आली की हाताने कडी लावायची आणि कडी लागली की मोटरची सप्लाय तुटते. प्रोग्राम अडकला तर कंट्रोलर (दार चालवणारं छोटं सर्किट) स्वतः रिसेट व्हावा म्हणून वॉचडॉग पण चालू केलाय. अडॅप्टर घरात उंचावर आणि दाराकडे फक्त १२ व्होल्ट, तेही केसिंग पट्टीतून, मनी वायर चावते. चॅनलला ग्रीस नाही, मेणबत्तीचं मेण चोळलंय, कारण ग्रीस अंगाला लागलं की मांजर ते चाटणार.

तक्रारी आहेत. दसऱ्याला देतो म्हणाले आणि दिवाळी झाल्यावर दिलं, मधे फोन पण उचलायचे नाहीत. शीटवर चरे आहेत. आणि वर जाताना मोटर सुरुवातीला खाड्‌कन आवाज करायची, त्याने मनी दाराजवळ फिरकेना, मग परत नेऊन हळू सुरू होणारं करून घेतलं, त्याचे वेगळे पैसे नाही घेतले हे चांगलं. सवय लावायला सुरुवातीचे दिवस दार नुसतं उघडं ठेवलं, मोटर बंद, पलीकडे वाटीत सुकट. काळ्या लगेच शिकला, मनीने वेळ घेतला.

खर्च सगळा धरून साडेतीन हजारांच्या आत, जुना कंट्रोलर तोच वापरला म्हणून. गल्लीतला बोका पण आत येतो हे खरंय, त्याला मांजराची ओळख-चिप वाचणारा रीडर लागेल, तो मी सध्या घेतला नाही. काम करून घ्यायचं असेल तर अशांकडे वायरिंगचा कागद आधीच मागून घ्या, मला अजून मिळालेला नाही. पाचपैकी चार स्टार देते, एक कापला तो उशिरासाठी.