हरलेला हंगाम कसा वाचावा: बेसबॉल रेफरन्स आणि रेट्रोशीट

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात स्कोअरबुक लिहिणारे हात कमी नाहीत. सरदार्स मैदानावर किंवा व्हॅक्सिन डेपोवर सामना संपला की वही उघडून ‘कुठं हरलो’ हे शोधायची सवय ज्यांना आहे, त्यांनी बेसबॉल रेफरन्स ही वेबसाइट जरूर बघावी. पहिलं पान उघडायचं ते बोस्टन ब्रेव्हज या अमेरिकी बेसबॉल संघाच्या १९३५ च्या हंगामाचं. ३८ विजय, ११५ पराभव. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काळातला इतका सपाटून हरलेला आणि इतका नीट नोंदलेला हंगाम शिकायला फार चांगला.

वाट सोपी आहे. वर ‘सीझन्स’मध्ये जाऊन १९३५ निवडा, मग नॅशनल लीग, मग बोस्टन. पान इंग्रजीतच आहे आणि स्तंभांची नावं दोन-तीन अक्षरी आहेत, म्हणून सुरुवातीला अडखळायला होतं. अक्षरांवर बोट किंवा माउस ठेवला की बहुतेक ठिकाणी अर्थ दिसतो. मोबाइलवर तक्ते रुंदीला मावत नाहीत, फोन आडवा धरा. शीर्षकावर टिचकी मारली की तो स्तंभ चढत्या-उतरत्या क्रमाने लागतो.

क्रिकेटवाल्यांची गफलत होते ती तीन ठिकाणी. पहिली म्हणजे पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) इनिंगचे आकडे. ७.२ म्हणजे सात पूर्ण इनिंग आणि वर दोन बाद. षटकाच्या .२ सारखंच, फक्त इथं तिसऱ्या बादला पूर्णांक होतो. त्यामुळे ७.२ आणि ६.२ यांची बेरीज १४.१ येते. एक्सेलमध्ये थेट बेरीज केली तर १३.४ दिसेल आणि पुढचं सगळं गणित चुकेल.

दुसरी, ‘ईआरए’. तो नऊ इनिंगमागे पिचरने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेल्या रनांचा आकडा आहे. क्षेत्ररक्षणाच्या चुकीने गेलेले रन त्यात धरत नाहीत. ब्रेव्हजच्या बेन कँटवेलचे ४ विजय आणि २५ पराभव बघून त्याला निकालात काढू नका. त्याचा ईआरए ४.६१ होता, संघाच्या सरासरीपेक्षा कमी, म्हणजे चांगला. पिचरच्या नावावर पराभव लागतो, पण रन काढायचे असतात ते फलंदाजांनी.

तिसरी, ‘जीबी’, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या संघापासूनचं अंतर. त्या वर्षी पहिल्या आलेल्या शिकागो कब्जचे १०० विजय, ५४ पराभव. विजयांतला फरक ६२, पराभवांतला ६१; बेरजेचा निम्मा ६१.५. गुणतक्त्यात अर्धा सामना कुठून आला याचं उत्तर एवढंच.

या पानावरची सर्वांत मोलाची ओळ वरच्या भागात असते, ती ‘पायथागोरियन’, म्हणजे केलेल्या आणि दिलेल्या रनांवरून काढलेले अपेक्षित विजय. ब्रेव्हजने ५७५ रन केले आणि ८५२ दिले. एवढ्या रनांत साधारण ५० विजय अपेक्षित होते, मिळाले ३८. म्हणजे संघ वाईट होताच, पण मिळालेले रनही गरजेच्या सामन्यांत पडले नाहीत. घरच्या मैदानावर २५-५०, बाहेर १३-६५, हे त्याला जोडून वाचा.

फलंदाजीच्या तक्त्यात वॉली बर्गरवर थांबायला हवं. ३४ होमरन आणि १३० आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर संघाला मिळालेले रन), दोन्हींत लीगमध्ये पहिला. ५७५ पैकी १३० रन एकट्याच्या फटक्यांवर आले, जवळजवळ २३ टक्के. त्याच तक्त्यात होमरनसाठी गाजलेला बेब रूथ आहे: २८ सामने, ७२ वेळा फलंदाजी, १३ हिट, सरासरी .१८१. पण २० वॉक (चार वाइड चेंडूंवर फुकट मिळालेला बेस, तो ७२ मध्ये धरत नाहीत) मिळवा. ९२ पैकी ३३ वेळा तो बेसवर पोहोचला, म्हणजे .३५९. चाळिशीतल्या त्या माणसाची नजर शाबूत होती, फटका उरला नव्हता, हे या दोन आकड्यांतून कळतं. पाय किती थकले होते ते मात्र तक्ता सांगत नाही.

एकेका सामन्यासाठी रेट्रोशीट या दुसऱ्या वेबसाइटवर जा. पानं साध्या मजकुराची, हलकी, खानापूरच्या आतल्या गावात रेंज कमी असली तरी उघडतात. २५ मे १९३५, पिट्सबर्गचं फोर्ब्स फील्ड: रूथचे तीन होमरन, सहा आरबीआय, आणि तरीही ब्रेव्हज ११-७ ने हरले. हंगामाचं सगळं दुखणं त्या एका बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या धावफलकात, दिसतं.

उणीव सांगायचीच तर, कारणं इथं मिळत नाहीत. मालक एमिल फुक्स कर्जात होता, तिकिटं खपावीत म्हणून रूथला उपाध्यक्ष आणि सहायक व्यवस्थापक ही पदं देऊन आणलं, हे बाहेरून वाचावं लागतं. १९३६ मध्ये संघाचं नाव बदलून ‘बीज’ झालं आणि विजय ७१ वर गेले, व्यवस्थापक तोच, बिल मॅकेक्नी. दोन्ही वर्षांची पानं शेजारी उघडून पिचरांचे स्तंभ ताडून बघा.

‘स्टॅटहेड’ या शोधसेवेला पैसे पडतात. एका हंगामाच्या अभ्यासाला तिची गरज नाही. तक्त्यावरच्या ‘शेअर अँड एक्स्पोर्ट’मधून सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) फुकट उतरवता येते.