२४ व्होल्टचे सीलिंगमधले दिवे : एक उन्हाळा आणि खानापूरचा पावसाळा काढल्यावर

हॉलच्या जिप्सम सीलिंगमध्ये ७ वॅटचे ८ दिवे, २४ व्होल्ट डीसी, रंग ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर. उन्हाळ्यात बसवले, आता दिवाळी झाली. दिवे उत्तम आहेत. पण अशा कामात खरी परीक्षा दिव्यांची नसते, एसएमपीएस (घरातल्या २३० व्होल्टचे २४ व्होल्ट डीसी करणारा डबा) आणि वायरची असते.

आधी व्होल्टेज. आपल्याकडे दुकानात बहुतेक १२ व्होल्टच पुढे करतात. ५६ वॅटला १२ व्होल्टवर साधारण ४.७ अँपिअर लागतात. १० मीटर लांब १.५ स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीत, सगळा लोड टोकाला धरला, तर जाऊन-येऊन सव्वा व्होल्ट वाटेतच जातो आणि शेवटचे दिवे मंद दिसतात. २४ वर करंट निम्मा, घट जेमतेम ०.६ व्होल्ट. त्यामुळे २४ च घ्या, आणि शक्य असेल तर वायर दिव्यांच्या मधोमध आणून तिथून दोन्ही बाजूंना काढा.

खरेदीत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. बाजारातल्या साध्या डाउनलाइटसोबत स्वतःचा २३० व्होल्टचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारी छोटी डबी, येतो. तो स्थिर करंट देतो, व्होल्टेज नव्हे. तो ड्रायव्हर काढून तसला दिवा थेट २४ च्या एसएमपीएसला जोडला की एलईडी जळू शकते. दिव्यावरच '२४ व्होल्ट डीसी' छापलेलं पाहिजे. जोडणी सगळी पॅरलल, म्हणजे प्रत्येक दिव्याला पूर्ण २४ व्होल्ट मिळतील अशी; लाल प्लस, काळा मायनस.

भोक पाडायच्या आधी सीलिंगवर चुंबक फिरवा. जिथे चिकटेल तिथे चॅनेल (सीलिंग धरणारी लोखंडी पट्टी) किंवा स्क्रू आहे, जागा दोन इंच सरकवा. भोकाचं माप खोक्यावरच्या कटआउटचं घ्यायचं, दिव्याच्या बाहेरच्या कडेचं नाही. पीओपी कुठे जाड, कुठे पातळ असतं, तिथे स्प्रिंगची पकड ढिली राहते.

एसएमपीएस १०० वॅटचा घेतला. ६० चा चालेल म्हणतात, पण एप्रिलमध्ये सीलिंगवरची हवा तापते तेव्हा ८० टक्क्यांपेक्षा जास्त लोड नकोच. इनपुट १०० ते २४० व्होल्ट असेल तर संध्याकाळी खेड्यात व्होल्टेज पडलं तरी उजेड हलत नाही, हा मोठाच फायदा. ११०/२२० चा खटका असलेला घेतलात तर तो २२० वरच आहे ना, हे लाइट लावण्याआधी बघा.

कौलारू घरात एसएमपीएस कौलांखाली अजिबात ठेवू नका. दमट हवेने टर्मिनलवर हिरवा गंज चढतो, सांधा सैल होतो, तापतो आणि दिवे लुकलुकतात. कोरड्या भिंतीवर, हात पोचेल अशा जागी लावा. सीलिंगमध्येच ठेवायचा तर झाकणाची खिडकी हवीच. वायर पीव्हीसी पाइपातून न्या, माळ्यावर उंदीर असतातच.

पहिल्या पावसात कडेच्या फटीतून किडे दिव्यात शिरतात. मागून पातळ फोमची पट्टी लावली की थांबतात.

उणीव एकच, पण मोठी : एसएमपीएस गेला की अख्खी खोली अंधारात. मोठ्या हॉलला ५०-५० वॅटचे दोन, चार-चार दिव्यांना एक असे घाला. खर्च थोडा वाढतो, तो करावा.