आउटबोर्डसाठी स्टेनलेस बेअरिंग सेट : माल चांगला, पण पाकिटातून काढून थेट बसवू नका

माझ्या रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल बोटीला ३.५ सीसीचं ग्लो आउटबोर्ड आहे, म्हणजे मिथेनॉल-नायट्रोच्या फ्युएलवर चालणारं, बोटीच्या मागे बाहेर लावायचं छोटं इंजिन. बोट टनेल हलची, म्हणजे तळाला मधून बोगदा असलेली. मागच्या सीझनच्या शेवटी आयडलला नीट उभंच राहीना, नीडल (फ्युएल कमी-जास्त करायचा स्क्रू) कितीही फिरवा, एक राउंड झकास मारायचं आणि दुसऱ्याला लीन होऊन, म्हणजे हवा जास्त आणि फ्युएल कमी पडून, बंद. मग काय, कार्बच्या ओ-रिंग बदलल्या, प्लग बदलला, टाकीची नळी बदलली, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटी प्लग काढून फ्लायव्हील हाताने हळू फिरवलं तेव्हा खरखर लागली, बोटाला वाळू जाणवावी तशी, आणि क्रँकशाफ्ट आडवा हलवला तर चक्क कटकट वाजतोय. या इंजिनात हवा-फ्युएलचं मिक्श्चर शाफ्टच्या पोटातूनच केसमध्ये (बेअरिंगं बसतात त्या इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात) जातं, त्यामुळे शाफ्ट ढिला झाला की बाजूने हवा ओढतो आणि आपण बसतो नीडलशी मारामारी करत.

पण खरखर लागली म्हणून लगेच ऑर्डर टाकू नका हां. फ्युएलमध्ये तेल म्हणून एरंडेल असेल तर ते वाळून गोंदासारखं होतं आणि चांगलं बेअरिंगपण जड फिरतं. आधी मिथेनॉलने धुवा, दोन थेंब तेल सोडा, परत फिरवून बघा. जडपणा गेला तर एरंडेल, खरखर राहिली तर बेअरिंग गेलं. माझी राहिली.

मागवला तो ४४०सी स्टेनलेसचा दोन बेअरिंगचा सेट, क्रँकपिनकडचं (पिस्टनचा दांडा जोडतात त्या टोकाचं) मोठं आणि दुसऱ्या टोकाचं छोटं. स्टेनलेस का, तर मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, फ्युएलमधलं नायट्रो (नायट्रोमिथेन) जळल्यावर आम्ल मागे राहतं, वर बोट म्हटल्यावर इंजिन कधीतरी पाणी पिणारच, आणि साध्या क्रोम स्टीलला हे अजिबात झेपत नाही. लोड घ्यायला ४४०सी क्रोम स्टीलपेक्षा थोडं कमी पडतं हे खरं, पण माझी जुनी बेअरिंगं लोडने नाही, गंजाने मेलीत. सिरॅमिक गोळ्यांचं घेणार असाल तर रेस (गोळ्या ज्यांवर फिरतात ती आतली-बाहेरची कडी) कशाची आहे ते विचारा, नाहीतर गोळ्या चकाचक आणि रेस गंजलेली.

बसवण्याचं सांगतो. केसवरचं सगळं प्लास्टिक-रबर काढलं, फ्युएलचा अंश राहू नये म्हणून केस नीट धुऊन पूर्ण वाळवली आणि ओव्हनमध्ये १३० डिग्रीला ठेवली. (स्वयंपाकाचा ओव्हन नको, एरंडेलाचा वास आठवडाभर जात नाही, बोलणी खावी लागतात.) अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे हातमोजे घालून केस लाकडावर आपटली की मोठं बेअरिंग टपकन खाली. छोटं आतून लाकडी दांडीने ढकलावं लागलं. नवीन रात्रभर फ्रीझरमध्ये होती, ती गरम केसमध्ये अलगद बसली. तिरकं बसलं तर हातोडी उचलू नका, परत गरम करा. आणि दाबायचंच असेल तर बाहेरच्या रेसवर दाबा, आतल्या रेसवर दाबलंत तर गोळ्यांचे ठसे उठतात आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरतं.

जुनं मोठं बेअरिंग फोडून बघितलं. रेसवर तपकिरी ठिपके, दोन गोळ्यांना खड्डे, आणि गोळ्या जागेवर धरणाऱ्या पिंजऱ्याला एका जागी बारीक चीर. तो पिंजरा तुटला असता तर तुकडे वर जाऊन पिस्टन-लायनर पण गेले असते, थोडक्यात वाचलो.

आता तक्रार. सेटमधली दोन्ही बेअरिंगं दोन्ही बाजूंनी रबर सीलची. मोठं बेअरिंग उघडंच पाहिजे ना, त्याला तेल केसमधल्या फ्युएलमधूनच मिळतं. पाकिटावर एक अक्षर नाही. मी टाचणीने मोठ्याची दोन्ही सीलं काढली, छोट्याचं आतलं काढलं आणि बाहेरचं ठेवलं कारण तेच हवा अडवतं. नवीन माणूस तसंच बसवणार. शिवाय ‘कम्प्लीट सेट’ म्हणतात पण आउटबोर्डच्या खालच्या पायातल्या प्रॉप शाफ्टचं (पंखा फिरवणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग त्यात नाहीच. तिथलं ग्रीस दुधासारखं पांढरं झालं असेल तर पाणी आत शिरलंय समजा. माझं झालं होतं, ते वेगळं मागवावं लागलं.

बारा-पंधरा टाक्या झाल्या, शाफ्ट लोण्यासारखा फिरतोय, इंजिन आयडल धरून ठेवतं, नीडल एकदा लावली ती लावली. स्टेनलेस असलं तरी बोट बाहेर काढल्यावर उरलेलं फ्युएल जाळून संपवतो आणि आफ्टर-रन तेल (चालवून झाल्यावर गंज टाळायला घालतात ते) घालून फ्लायव्हील फिरवतो, कारण ४४०सी गंजतं उशिरा, पण गंजतं. बेअरिंगला पाचपैकी साडेचार, पाकिटाला दोन.