डाखाउला दोनदा गेले

म्युनिकला मुलाकडे आले आहे. इथून अर्ध्या तासावर डाखाउ, नाझींच्या छळछावणीचं स्मृतिस्थळ. गेल्या महिनाभरात मी तिथे दोनदा गेले. एकदा सहल कंपनीच्या बसमधून पैसे मोजून, आणि एकदा एकटी, लोकलने. आपले बरेच लोक पहिल्या पद्धतीने जातात, म्हणून हे लिहिते आहे. माझं सांगणं एवढंच की तसं जाऊ नका.

मी एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, शेवटी वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झाले. तिथे माझे पाय जिथे जिथे थांबले, ते त्या नोकरीमुळे थांबले. दुसऱ्या कोणाचे कदाचित दुसरीकडे थांबतील.

पहिली खेप थोडक्यात सांगते. सकाळी एक राजवाडा, दुपारी छावणी, असा एका दिवसाचा कार्यक्रम होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. राजवाड्याला उशीर झाला आणि तो वेळ छावणीतून कापला. आम्हाला दाराशी उतरवून "सव्वा तासाने गाडीपाशी या" एवढंच सांगितलं. आत समजावून सांगणारं कोणी नव्हतं. सगळे घाईघाईने शवदाहगृहाकडे गेले, भट्ट्या पाहिल्या, फोटो काढले आणि परतले. मीही तेच केलं. रात्री जेवताना सुनेने विचारलं, "आई, कसं होतं?" आणि मला सांगता येईना. एवढी माणसं जिथे मेली त्या जागेबद्दल माझ्यापाशी एकही वाक्य नव्हतं, याची मला फार लाज वाटली. म्हणून परत गेले.

जायला सोपं आहे. म्युनिकच्या मुख्य स्टेशनवरून पेटर्सहाउझेनकडे जाणारी एस-२ लोकल धरायची, डाखाउला उतरायचं आणि स्टेशनबाहेरून ७२६ क्रमांकाची बस घ्यायची. तिकीट काढताना एम-१ झोनचं दिवसभराचं काढा, त्यात लोकल आणि बस दोन्ही येतात. स्मृतिस्थळाला प्रवेश शुल्क नाही. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उघडं असतं, २४ डिसेंबर सोडून रोज. कानाला लावून ऐकायचं यंत्र थोड्या युरोंत भाड्याने मिळतं. संस्थेच्या मार्गदर्शकाबरोबर फिरायचे पैसेही थोडेच, आणि ती फेरी अडीच तासांची असते. मी नऊलाच पोहोचले, यंत्र घेऊन आधी एकटी फिरले आणि मग अकराच्या इंग्रजी फेरीला उभी राहिले. हा क्रम मला फार उपयोगी पडला. जागा आधी पायांना कळली, मग तिची गोष्ट ऐकली.

आत जायचा रस्ता कैद्यांचाच आहे. छोटा पूल, मग चौकीची इमारत, तिच्या पोटात लोखंडी फाटक आणि त्या फाटकातलं माणूसभर दार. दारावर अक्षरं: 'काम मुक्त करतं'. आता आहे ती प्रतिकृती. मूळ दार २०१४च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्री चोरीला गेलं आणि दोन वर्षांनी थेट नॉर्वेत, बेर्गेनजवळ सापडलं. ते आता संग्रहालयात ठेवलं आहे. मी दोन्ही पाहिली. प्रतिकृतीखालून हजारो लोक जातात, त्यामुळे तिथे उभं राहायला जागा मिळत नाही. आतल्या दारापाशी मी एकटीच होते, आणि कडी कुठे होती तेही नीट पाहता आलं.

दारातून आत पाऊल टाकलं की समोर काही नाही. पहिल्या वेळी मी याच जागेवरून भराभर चालत गेले होते, कारण 'पाहायला काही नाही' असं वाटलं होतं. ते हजेरीचं मैदान. त्याच्यामागे उंच, सरळसोट पॉपलरच्या झाडांचा रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना खडीने भरलेले लांबट चौथरे. एकूण ३४ बराकी होत्या. त्यांतल्या दोन पुन्हा बांधल्या आहेत, बाकीच्यांचा नुसता आराखडा जमिनीवर आहे. एकेका चौथऱ्याच्या कडेने चालून पाहा. एका बराकीत २०० माणसं राहतील असं मुळात ठरवलं होतं, शेवटी शेवटी दोन दोन हजार कोंबली होती. पायाखाली खडी वाजत राहते आणि चौथरे संपत नाहीत. मी शेवटपर्यंत चालले आणि पलीकडच्या बाजूने परत आले. त्याला पाऊण तास लागला. दिवसभरातला सगळ्यात मोलाचा पाऊण तास तो होता.

ही छावणी २२ मार्च १९३३ला सुरू झाली. हिटलर चॅन्सेलर होऊन दोन महिनेही झाले नव्हते. एका बंद पडलेल्या दारूगोळा कारखान्याच्या जागेवर, सुरुवातीला राजकीय विरोधकांसाठी. इथले नियम, इथल्या शिक्षा पुढे दुसऱ्या छावण्यांनी उचलल्या. बारा वर्षांत दोन लाखांहून अधिक माणसं इथे आणि हिच्या उपछावण्यांत डांबली गेली, त्यांपैकी ४१,५०० मेली. २९ एप्रिल १९४५ला अमेरिकन सैन्य पोहोचलं. त्यानंतर बरीच वर्षं याच बराकींत निर्वासितांची वस्ती होती. वाचलेले कैदी मागे लागले, म्हणून १९६५मध्ये स्मृतिस्थळ झालं. त्यांनी पाठपुरावा केला नसता तर आज इथे घरं असती.

आमची मार्गदर्शक साठीच्या आसपासची बाई होती. आवाज चढवायची नाही, डोळ्यांत पाणी आणायचा प्रयत्न करायची नाही. गटातल्या एका तरुणाने विचारलं, गावातल्या लोकांना माहीत नव्हतं का? तिने सांगितलं, छावणी उघडणार ही बातमी २१ मार्च १९३३च्या म्युनिकच्या वर्तमानपत्रात छापून आली होती. एवढं बोलून ती पुढे चालू लागली. मला तिची ही पद्धत पटली. रुग्णाच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना आम्हीही असंच करायचो. खरं ते सांगायचं, एकदाच आणि स्पष्ट.

पुन्हा बांधलेल्या बराकीत झोपायच्या फळ्या तीन काळांतल्या दाखवल्या आहेत. आधी एकेकाला वेगळी जागा, मग ती चिकटत गेलेली, आणि १९४४च्या सुमारास नुसते लांबच लांब सलग माळे. इथे ती बाई अंथरुणाबद्दल बोलली आणि मी जागच्या जागी थिजले. गवताने भरलेली गादी रोज सकाळी खोक्यासारखी चौकोनी, धारदार कोपऱ्यांची करावी लागे. चादरीवरच्या निळ्या-पांढऱ्या चौकटी शेजारच्या अंथरुणाच्या चौकटींशी एका रेषेत याव्या लागत. त्यात बोटभर फरक पडला तर उपास, फटके, नाहीतर हात मागे बांधून खांबाला टांगणं. फरशीवर डाग दिसला, वाटीवर पाण्याचा ओघळ राहिला, तरी तेच.

बिछान्याचे कोपरे कसे दुमडायचे हे मला एकोणीसाव्या वर्षी शिकवलं गेलं. आमच्या मेट्रनबाई राउंडला आल्या की चादरीवरून हात फिरवून सुरकुती शोधायच्या. ती शिस्त कशासाठी होती ते मला ठाऊक आहे. पडून राहिलेल्या रुग्णाच्या पाठीला सुरकुती टोचली की शय्याव्रण होतो. एकेका कोपऱ्याच्या मागे कोणाची तरी पाठ असते. इथे तीच स्वच्छता, तोच नीटनेटकेपणा माणसाला मारायचं निमित्त शोधण्यासाठी वापरला. हजेरीच्या मैदानाकडेच्या मोठ्या इमारतीच्या छपरावर तर भल्या मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं की स्वातंत्र्याकडे जाणारा एक रस्ता आहे, आणि त्याचे मैलाचे दगड म्हणजे आज्ञापालन, मेहनत, प्रामाणिकपणा, व्यवस्थितपणा, स्वच्छता वगैरे. आमच्या नर्सिंगच्या वसतिगृहात भिंतीवर लावायच्या पाट्यांवरचेच हे शब्द. त्या फळ्यांसमोर मी किती वेळ उभी होते ते कळलं नाही. गट पुढे गेला होता, मार्गदर्शक बाई मला न्यायला परत आली.

दवाखान्याच्या बराकी आता नाहीत, त्यांचेही चौथरेच आहेत. पण संग्रहालयात त्याबद्दल एक भाग आहे आणि रुग्णसेवेतल्या कोणीही तो चुकवू नये. इथे १९४२पासून हजाराहून अधिक कैद्यांना मुद्दाम मलेरियाची लागण केली गेली. करणारा क्लाउस शिलिंग हा नावाजलेला, वयस्कर मलेरियातज्ज्ञ होता. १९४६मध्ये त्याला फाशी झाली. झीगमुंड राशर नावाच्या डॉक्टरने माणसांना बर्फाच्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं, वैमानिक समुद्रात पडला तर किती वेळ जगेल ते पाहायला. तपमान, नाडी, वेळ, सगळ्याची नोंद. छायाचित्रंसुद्धा काढली आहेत. मी आयुष्यभर तापाचे तक्ते भरले. तक्ता भरणारा हात त्या माणसाला पाण्यातून बाहेर काढणारा असायला हवा, दुसरं कशासाठी तपमान घ्यायचं?

आणि टायटस ब्रँड्समा. हे डच धर्मगुरू, नाझींविरुद्ध उभे राहिले म्हणून इथे आणले गेले. २६ जुलै १९४२ला याच दवाखान्यात त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारलं. सुई टोचणारी परिचारिका होती. मारण्याआधी त्यांनी तिला आपली जपमाळ देऊ केली होती. पुढे तिनेच साक्ष दिली, आणि २०२२मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ब्रँड्समांना संत घोषित केलं. मी त्यानंतर बाहेर येऊन बाकावर बसले. माझ्या व्यवसायातल्या बाईने हे केलं, ते माझ्याने अजून नीट गिळवत नाही.

मैदानाच्या कडेला नांदोर ग्लिड या शिल्पकाराचं मोठं स्मारक आहे, १९६८चं: काटेरी तारांत अडकलेली माणसं. स्वतः ग्लिड यांचे आईवडील छळछावणीत गेले. त्याच्या शेजारी कैद्यांच्या रंगीत त्रिकोणी बिल्ल्यांची एक साखळी कोरली आहे. ती जवळून पाहा. गुलाबी, काळे आणि हिरवे त्रिकोण तिच्यात नाहीत. समलिंगी पुरुष, 'समाजबाह्य' ठरवलेले आणि गुन्हेगार म्हणून आणलेले, हेही इथेच राबले आणि मेले. पण १९६८मध्ये त्यांची आठवण कोरायला लोक तयार नव्हते. मला ही साखळी मुख्य शिल्पापेक्षा जास्त बोलकी वाटली.

शवदाहगृह आवाराच्या टोकाला, झाडीत आहे. पहिल्या वेळी याच ठिकाणी गर्दीत मी चार मिनिटं होते. आता सांगते: भट्ट्यांपुढे थांबण्याआधी भिंती पाहा. न्हाणीघर असल्याचं भासवणारी विषारी वायूची खोली इथे आहे. सामूहिक हत्येसाठी ती वापरली गेली नाही, हेही तिथे स्पष्ट सांगतात. आणि भिंतीवर चार स्त्रियांच्या नावांची एक पाटी आहे. त्यांत एक नाव नूरउन्निसा इनायत खान. वडील बडोद्यात जन्मलेले सूफी संगीतकार हजरत इनायत खान. त्यांचे आजोबा मौलाबक्ष गायकवाडांच्या दरबारचे नामांकित गवई. नूर पॅरिसमध्ये वाढली, तिने मुलांसाठी जातककथा इंग्रजीत लिहिल्या. युद्ध सुरू झालं तेव्हा तिने रेड क्रॉसचं परिचारिकेचं शिक्षण घेतलं. पुढे इंग्रजांची बिनतारी यंत्रचालक म्हणून १९४३च्या जूनमध्ये व्यापलेल्या फ्रान्समध्ये उतरली, ऑक्टोबरमध्ये पकडली गेली आणि कित्येक महिने बेड्यांत होती. १९४४च्या सप्टेंबरमध्ये तिला आणि आणखी तिघींना इथे आणून गोळ्या घातल्या. वय तीस. माझ्यापाशी फुलं नव्हती. मी पाटीवर हात ठेवला आणि चौघींची नावं हळू आवाजात वाचली: योलांद, मादलेन, नूर, एलियान.

बाहेर आल्यावर एका कैद्याचा पुतळा आहे, अंगात मोठा कोट, डोकं उघडं, हात खिशात. कैद्याने टोपीशिवाय असणं, हात खिशात घालणं, दोन्ही मना होतं. शिल्पकाराने त्याला तेवढी मोकळीक दिली.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं. दिवसभर खडीवर चालायचं आणि बराच वेळ उभं राहायचं आहे, तेव्हा जाड तळव्यांचे बूट घाला. आवारात आडोसा फारसा नाही. हिवाळ्यात वारा थेट अंगावर येतो. खाणं प्रवेशाजवळच्या उपाहारगृहात उरकून घ्या. तेरा वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं तिथलेच लोक सुचवतात, आणि मला ते योग्य वाटतं. संग्रहालयात वाचायला इतकं आहे की दोन तास वेगळे ठेवा. माहितीपटही तिथेच दाखवतात. कोठडीची लांबलचक इमारत माझ्या फेरीत आली नाही, मी नंतर एकटी गेले. हिटलरला बाँबने उडवायचा प्रयत्न करणारा सुतार गेओर्ग एल्झर शेवटी तिथे होता. त्याला ९ एप्रिल १९४५ला मारलं, सुटकेच्या अवघे वीस दिवस आधी.

राजवाडा दुसऱ्या दिवशी पाहा. हे दोन्ही एका दिवसात विकणाऱ्यांना पैसे देऊ नका.

त्या रात्री मी सुनेला आणि मुलाला सगळं सांगितलं, अंथरुणापासून सुरुवात करून. मुलगा सहा वर्षं या शहरात आहे, पण कधी गेला नव्हता. स्टेशनपासून छावणीपर्यंत कैद्यांना नेत त्या बाजूने सुमारे तीन किलोमीटरचा 'स्मरणाचा रस्ता' आहे, वाटेत माहितीचे फलक आहेत. तो म्हणाला, "आई, शनिवारी आपण बस नको घेऊ या." गुडघ्यांना पट्टे बांधून जाणार आहे.