लढून पडलेलं अक्का, न लढता सोडलेलं टायर

मे 1291. पूर्व भूमध्य किनाऱ्यावर क्रुसेडर्सच्या (धर्मयुद्धांसाठी युरोपातून आलेल्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या) हाती मोजकीच ठाणी उरली होती. त्यातल्या दोन शहरांनी अगदी उलट वाटा धरल्या.

अक्का झुंजलं. इजिप्तच्या सुलतान अल-अश्रफ खलीलने एप्रिलच्या सुरुवातीलाच वेढा घातला होता. त्याच्या ‘मन्सूरी’ नावाच्या प्रचंड दगडफेक यंत्राचे सुटे भाग हिस्न अल-अक्राद या किल्ल्यावरून गाड्यांवर लादून आणले. त्यातली एक गाडी अबुल फिदा या हमाच्या (सीरियातलं शहर) तरुण राजपुत्राकडे होती. पावसात, बर्फात बैल मेले आणि आठ दिवसांच्या वाटेला महिना लागला, असं त्याने लिहून ठेवलंय. मला तर सगळ्या वेढ्यात ही गाडीच जास्त लक्षात राहते! सुरुंगांनी बुरूज ढासळले, 18 मे रोजी फौजा आत घुसल्या. टेम्पलरांचा (क्रुसेडर्समधल्या लढवय्या संन्याशांच्या संघटनेचा) प्रमुख गियोम द बोज्यो काखेखाली बाण लागून गेला. समुद्राकाठचा टेम्पलरांचा वाडा मात्र आणखी दहा दिवस तगला.

टायरचं (अरबीत सूर) प्रकरण दोन ओळींत संपतं. अक्का पडल्याची खबर आली, आणि लोक जहाजांत बसून निघून गेले. गंमत म्हणजे तट इथलाच जास्त अवघड, तिन्ही बाजूंना समुद्र. 1187 मध्ये सलाहुद्दीनला इथूनच हात हलवत परतावं लागलं होतं. पण तेव्हा शहराच्या बचावाला कॉनराड हा युरोपीय सरदार होता, आणि युरोपातून कुमक येणार होती. 1291 मध्ये कुणाची वाट बघायची? टायरला भेकड म्हणणं मला पटत नाही. ऑगस्टमध्ये अतलीतचा भक्कम किल्ला टेम्पलरांनीही असाच सोडला.