अनुदान पिकाला की शेतकऱ्याला?

ठरावीक पिकाला जोडलेले अनुदान आणि पिकाची अट न घालता शेतकऱ्याला दिलेले थेट उत्पन्नसाहाय्य, यांत मला दुसरे अधिक रास्त वाटते. पहिल्यामुळे मका, गहू, तेलबिया यांचा पेरा वाढतो, भाव उतरतात आणि त्यांपासून बनणारी बिस्किटे व गोड पेये यांचा कच्चा माल स्वस्त होतो (आयातकराच्या आडोशाने दिलेला चढा हमीभाव मात्र ग्राहकाला महागात पडतो). जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान 400 ग्रॅम फळे-भाज्या खाण्यास सांगते, पण फळे-भाज्यांना असे पिकाला जोडलेले अनुदान क्वचितच मिळते. युरोपीय संघाने 2003 च्या सुधारणेत बहुतांश अनुदान उत्पादनापासून वेगळे केले. तरीही एवढ्याने भागत नाही: तोडलेली पालेभाजी दोन दिवसांत कोमेजते. शीतगृह नसेल, तर मोकळीक मिळालेला शेतकरीही टिकणारे धान्यच पेरतो.